नाही म्हणणारी बाई

बाउरीनाबाईंना मारेवे मत का देणार, याचं कारण मारेवे सोडून गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पाळकबुवा म्हणत, बाई आपल्या पंथाची, म्हणून. विहिरीवरच्या बाया म्हणत, बाईची आई याच बेटावरची, रक्त ओढ घेणारच. मैत्रिणी डोळे मिचकावून म्हणत, बाईच्या प्रचाराच्या होडीत गिटार वाजवणारा तो उंच मुलगा होता ना, म्हणून. आणि आकोआमावशी, जी कुठल्याही गोष्टीचा निकाल एका वाक्यात लावते, ती म्हणाली, "बाई बाईलाच मत देणार. त्यात विचारायचं काय?"

विचारत कुणीच नव्हतं, हेच तर दुखणं होतं. मारेवेला एकोणिसावं लागलेलं, आयुष्यातलं पहिलं मत, आणि तेही थेट राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत. कुणीतरी चटईवर बसवून घेईल, "का गं?" म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी जो तो तिलाच तिची कारणं समजावून सांगत होता. ती नारळ खवताना वैतागायची, दवाखान्यात बाळांची वजनं करताना वैतागायची, आणि घरी आली की मावशीकडे बघून वैतागायची, कारण बाउरीनाबाईंचं चित्र छापलेला सदरा मावशीच्या अंगात होता.

मावशी बाउरीनाबाईंच्या नावाने बोटं मोडणारी. तिचं मत समोरच्या उमेदवाराला, तोआकाईसाहेबांना, आणि ते ती तोच सदरा घालून गावभर सांगत फिरायची.

"कापड चांगलंय गं," ती म्हणायची. "घाम टिपतं."

सदरा मारेवेचा होता. मावशीने त्यासाठी बुबुसी घातली होती. आमच्या बेटांवर कुणी एकदा "बुबुसी घालतो" असं म्हणून काही मागितलं, की नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणारा माणूस मेला तरी त्याची लाज मागे उरते आणि नातवंडांच्या वाट्याला येते. मावशीने आधी मारेवेची विजेरी मागितली, मग पिवळ्या चपला, मग सायकल, मग सदरा. मारेवेने मुकाट्याने सगळं दिलं. उलट तीही मावशीकडे काही मागू शकली असती, पण मावशीकडे मागण्यासारखं जे काही होतं ते सगळं मुळात मारेवेचंच होतं.

आणि मागण्यात आबेताआजोबांचा हात धरणारा तर अख्ख्या बेटावर कुणी नव्हता. मारेवेच्या आईचे वडील, गावच्या म्हाताऱ्यांत पहिल्या मानाचे. मानेआबात, म्हणजे गावाच्या त्या मोठ्या बिनभिंतीच्या सभाघरात, ते उठून उभे राहिले की पाहुणे आपल्या सामानाकडे बघायला लागत. दोन वर्षांपूर्वी तोआकाईसाहेब मंत्री म्हणून आले होते, तेव्हा आजोबांनी भर सभेत दवाखान्याच्या होडीचं इंजिन मागितलं, गावच्या मासेमारीसाठी. तोआकाईसाहेब हसले आणि देऊन मोकळे झाले. टाळ्या झाल्या, नाच झाला, डुक्कर कापलं. आजोबा ती गोष्ट अजूनही महिन्यातून दोनदा सांगतात.

मागच्या वर्षी बाउरीनाबाई आल्या. तेव्हा त्या नुसत्या खासदार होत्या, त्याआधी शाळेच्या मुख्याध्यापिका. आजोबा उठले आणि दवाखान्याच्या छपरावरची सौर पाटी मागितली, मानेआबात दिवे लावायला. बाई हातातलं शहाळं खाली ठेवून म्हणाल्या, "ती माझी नाही. दवाखान्याची आहे. मला देता येणार नाही."

बाईंना निरोपाचं गाणं कुणी म्हटलं नाही. त्या एकट्याच किनाऱ्यापर्यंत चालत गेल्या, आणि होडीत बसताना त्यांच्या चपला भिजल्या तरी हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. मारेवे खांबाआडून बघत होती. सतरा वर्षांत तिने पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणताना ऐकलं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. पाटी अजून छपरावर आहे, लशींचा फ्रीज अजून थंड आहे.

हे होतं तिचं कारण. ते सांगायचं तर इंजिनाचंही सांगावं लागणार, आणि इंजिनाचं सांगायचं तर आजोबांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसावर पाणी ओतावं लागणार. म्हणून ती गप्प होती, आणि गप्प राहण्यानेच जास्त चिडत होती.

त्यात प्रचाराचा शेवटचा आठवडा आला. तोआकाईसाहेबांचा माणूस तंबाखू घेऊन मानेआबात बसला आणि त्याने गावाची मतंच बुबुसी घालून मागितली. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. असलं मागणं आजवर कुणी मागितलं नव्हतं. पण मागितलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? एकेकाने आपापल्या घरची मतं देऊन टाकली. आजोबा म्हणाले, "सात."

"त्यातलं एक माझं आहे," मारेवे दवाखान्यात जाऊन नर्स तेकाराला म्हणाली. "आजोबांनी माझं मत देऊन टाकलं, मावशीने सायकल नेली तसं."

"मग एवढी चिडतेस कशाला?" तेकारा म्हणाली. ती दुसऱ्या बेटावरची, सगळ्यांशी जमवून घेणारी. "घरी मान डोलव आणि पेटीपाशी जाऊन हवं तिथे खूण कर. तिथे कोण डोकावतंय?"

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"खोटं कसलं? नुसती मान डोलवायची."

मारेवेने वजनाचा काटा आपटून ठेवला. सगळं गाव मानच तर डोलवत होतं.

मतदान दोन दिवसांवर होतं. रविवारी प्रार्थनेनंतर घरचे सगळे झापांच्या छपराखाली जेवायला बसले. भात, भाजलेला विलायती फणस, नारळाच्या दुधातला मासा. आजोबांनी मध्येच जेवण थांबवलं, हात धुतले, मांडी नीट घातली. ते बघूनच मारेवेने ओळखलं. हात धुऊन मांडी घातली म्हणजे म्हातारा काहीतरी मागणार.

"मारेवे, मी मानेआबात सात मतं बोललोय."

"मला न विचारता बोललात."

"म्हणून आता विचारतोय. सगळ्यांसमोर. मी तुझ्याकडे बुबुसी घालतो. तुझं मत मला दे."

आजोबांनी नातीकडे बुबुसी घालायची, हेच मुळात न झालेलं. त्यांनी नुसता हुकूम सोडला असता तरी चाललं असतं. मागून त्यांनी तिला मान दिला होता आणि त्याच मानाने तिला बांधून टाकलं होतं.

"दे गं," आकोआमावशी म्हणाली. "एवढंसं मत ते. सायकल नाही का दिलीस?"

मावशीच्या छातीवर बाउरीनाबाईंचा चेहरा घामाने ओला झाला होता. मारेवेने त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"देणार नाही, आजोबा. ते माझं आहे."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. मारेवे उठून जायला निघणार, तेवढ्यात आजोबांनी विचारलं, "का?"

महिनाभर ती याच एका शब्दाची वाट बघत होती. तो नेमका आत्ता यावा, याचाही तिला राग आला.

"कारण त्या बाईने तुम्हाला पाटी दिली नाही," ती म्हणाली. "आणि तोआकाईसाहेबांनी इंजिन दिलं. पलीकडच्या टापूवरची तेबोरा आठवते? कळा सुरू झाल्याचा निरोप सकाळी आला. होडी होती, इंजिन नव्हतं. तुमची माणसं इंजिन घेऊन बाहेर टुना धरायला गेलेली. मी आणि तेकारा वल्ही मारत गेलो, उलट्या ओहोटीत. पोचेपर्यंत दुपार टळली. मूल अडकलेलं, तेकाराने ओढून काढलं. वाचलं. पण त्याचा डावा हात लटकतो, आजोबा. दर महिन्याला मी त्याचं वजन करते. तो उजव्या हाताने माझं बोट धरतो, डाव्याने धरत नाही."

आजोबांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"कोण सांगणार? तुम्ही दर महिन्याला त्या इंजिनाची गोष्ट सांगता. तीही हसत."

"मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल." आजोबांचा आवाज एकदम बारीक झाला. "तोआकाई. मंत्री आहे, शिकलेला आहे, म्हणेल की बाबा, हे सरकारचं आहे. मी आपलं मागून बघितलं. त्याने पटकन दिलंच. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"मग परत का नाही केलंत?"

"दिलेलं परत करायचं? देणाऱ्याच्या तोंडावर फेकायचं?" ते जरा चिडून म्हणाले. "दोन वर्षं झाली, कुणी ते माझ्याकडे मागितलंसुद्धा नाही. तुमची ती नर्स येते, एका दिवसापुरतं द्या म्हणते. उसनं मागते. बुबुसी नाही घालत."

मारेवेने मनात मोजलं. दोन वर्षं. देणाऱ्याने विचार न करता दिलं होतं, घेणाऱ्याला मुळात घ्यायचंच नव्हतं, आणि इंजिन रीतीच्या खाली अडकून पडलं होतं. तिला आपल्याच माणसांचं डोकं धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याऐवजी ती खाली बसली. माठातल्या पाण्याने हात धुतले, मांडी घातली.

"आजोबा, मी तुमच्याकडे बुबुसी घालते. ते इंजिन मला द्या. दवाखान्यासाठी."

"अगं, लाज आहे का तुला?" मावशी ओरडली. "आत्ता तोंडावर नाही म्हणालीस, आणि आत्ताच मागतेस?"

मावशीचं खरं होतं. जिने रीत मोडली, तिला रीतीने मागायचा काय हक्क? आजोबांनी नाही म्हटलं असतं तर गावात कुणी त्यांना दोष दिला नसता. ते मारेवेकडे बघत होते. तिची नजर चटईवर होती, आणि या वेळी तिला रागसुद्धा येत नव्हता. तेबोराच्या पोराचं ते बोट धरणं तेवढं आठवत होतं.

"घे," आजोबा म्हणाले. "मला अजून नाही म्हणता येत नाही."

संध्याकाळच्या आत दोघांनी इंजिन हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. मावशी मागून पेट्रोलची टाकी घेऊन बडबडत येत होती. वाटेत आजोबा एकदाच बोलले. "त्या बाईला नाही म्हणणं जमतं ना पक्कं? पुन्हा कुणी मागितलं तर?"

"जमतं," मारेवे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेआबात आजोबांनी उभं राहून सांगितलं, आमच्या घरची मतं सात नाहीत, एक कमी धरा. तोआकाईसाहेबांच्या माणसाने विचारलं, कुणाचं कमी? नातीचं, आजोबा म्हणाले. म्हातारे चुळबुळले. असं कसं, तुम्ही मागितलं नाहीत का, कुणीतरी विचारलं.

"मागितलं," आबेताआजोबा म्हणाले. "तिने नाही म्हटलं."

ते गाऱ्हाणं होतं की फुशारकी, ते शेजारी बसलेल्यालाही कळलं नाही. खाली बसता बसता आजोबांनी पुन्हा बोट वर केलं आणि म्हणाले, माझंही जरा बाजूला ठेवा, अजून ठरत नाही.