सिस्टरांचा रिकामा ग्लास

“तोंडाने नको, हाताने सांगा,” असं म्हणत आमच्या सिस्टर पाण्याचा जग आणि स्टीलचा रिकामा ग्लास पेशंटपुढे सरकवायच्या. रोज किती दारू पिता, ते पाणी ओतून दाखवायचं. तुम्ही पाहायलाच हवं होतं!

बदलापूरला मनाच्या आजारांच्या त्या ओपीडीत मी आया होते. झोप नाही, जीव घाबरतो, रडू येतं, कशासाठीही या. डॉक्टरांच्या आधी सिस्टरांचा ग्लास. मोरिवलीच्या कंपनीतला एकजण म्हणाला, “थोडीशीच, सणासुदीला.” आणि ग्लास काठोकाठ भरला! बायको म्हणाली, “यांचा रोजच सण.” मला हसू फुटलं. सिस्टर मात्र एवढंच म्हणाल्या, “बरं झालं दाखवलंत.”

म्हाताऱ्यांनाही सोडायच्या नाहीत. एक सिंधी आजी भडकली, “शरम नहीं आती?”

“सबसे पूछती हूँ, अम्मा.”

मी म्हटलं, “कशाला हो छळता?”

“मावशी, पांढरे केस बघून विचारायचं सोडलं ना, की चुकलंच.”

मग आमचे हे गेले. माझी झोप उडाली, हात थरथरायला लागले. झोपेच्या गोळ्या लिहून घ्यायला मी पेशंटच्या खुर्चीत बसले, तर माझ्यापुढेही ग्लास!

“अहो, मीच घासते ना तो रोज!”

“मग भरायला काय अवघड?”

मी दोन बोटं पाणी ओतलं. सिस्टर माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत बसल्या. मी आणखी ओतलं. मग आणखी. ह्यांच्या उरलेल्या बाटलीपासून सुरू झालेलं, रोज संध्याकाळचं. पोटच्या पोरीलाही पत्ता नव्हता.

“बरं झालं दाखवलंत, मावशी.” त्या कंपनीवाल्याला म्हणाल्या होत्या, अगदी तोच आवाज. तसूभर फरक नाही!

दारूवर त्या गोळ्या पडल्या असत्या तर श्वासच अडकला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्याच नाहीत, दारू त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सुटली.

सिस्टर रिटायर होऊन बदलापूर सोडून गावी गेल्या. मीही आता घरीच असते, तपासणीपुरती जाते. परवा गेले तर नव्या सिस्टरने माझे पांढरे केस पाहिले आणि केसपेपरवर ‘दारू’पुढे न विचारताच ‘नाही’ लिहिलं. ग्लास टेबलावरच होता, पेनं खोचलेला.

मी पेनं काढली, ग्लास विसळून आणला आणि त्या मुलीपुढे रिकामा ठेवला.

“विचार गं बाई,” म्हटलं, “मलाही विचार.”