घोंगडीवरचा फौजी

चकलांब्याच्या सिदूआबाचा फौजी लेक बजरंग घरी राहायला आला, तेव्हा गावाने त्याला जमिनीला टेकू दिलं नाही. कौतुकाने म्हणतात तसं नव्हे, खरोखरच. गेवराईहून जीप आली, चाकाची खुर्ची उतरवली, बजरंग हाताच्या जोरावर सीटवरून सरकत खुर्चीत बसला. आता चाकाला हात घालणार, एवढ्यात राधाकिशन आणि आणखी तिघांनी खुर्ची खालून धरली आणि गणपती न्यावा तसा त्याला उचलून चालू पडले. मागे हलगी. हलगी कुणी बोलावली ते आजतागायत कुणी कबूल करत नाही.

"अरे, चाकं हायेत बे तिला!" बजरंग वरून ओरडला.

"असू दे की," राधाकिशन म्हणाला, "आमाला काय त्याची अडचण न्हाई."

राधाकिशन हा बजरंगचा बालमित्र. गावात कुठलंही ओझं उचलायचं असलं की त्याला आमंत्रण लागत नाही. सरण असो की सासरी जाणाऱ्या पोरीचं कपाट, तो हजर. त्या दिवसापासून बजरंग त्याच्या यादीत गेला.

बजरंग फौजेत नाईक होता. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरली, खाली गेली, आणि त्याचा मणका मोडला. कमरेखाली काहीच कळेना. दुखत नाही, खाजत नाही, मुंगी चावली तरी खबर नाही. गल्लीतल्या बायांना हे ऐकून आधी रडू आलं, मग त्यातल्या एकीने हळूच चिमटा काढून खात्री करून घेतली. ती कोण, हेही गल्लीला ठाऊक आहे, पण तिचा नवरा भांडकुदळ आहे.

पुढची काही वर्षं त्याने पुण्याच्या बाजूला, अशाच मणक्याच्या जवानांसाठी असलेल्या एका केंद्रात काढली. तिथे तो पुन्हा माणूस झाला. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, सगळं आपलं आपण. खुर्चीत बसून बास्केटबॉलही खेळला, दोनदा तोंडावर आपटला. तिथे कुणी कुणाला उचलत नसे. पडलास तर शेजारचा आधी हसायचा, मग विचारायचा, लागलं का?

मग त्या केंद्राने नवा उपक्रम काढला. ज्याला घरी राहता येईल त्याने घरी राहावं. खुर्ची, गादी, संडासाचं रुंद दार केंद्र करून देणार, आणि ऋतुजा मॅडम, म्हणजे तिथल्या व्यायाम-उपचाराच्या ताई, अधूनमधून गावी येऊन बघून जाणार. पण आधी चाचणीचे काही महिने. तोवर केंद्रातली खाट त्याच्याच नावावर. घरी जमलं तर खाट दुसऱ्या जवानाला, नाही जमलं तर बजरंगने परत यायचं.

"एकच गोष्ट सांभाळा, कातडी," निघताना ऋतुजाताई म्हणाल्या होत्या. "एका जागी दाब राहिला की जखम होते. तुम्हाला दुखणार नाही, म्हणून कळणारही नाही. सारखं हातावर जोर देऊन अंग वर उचलायचं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी बघायचं. जखम झाली तर मी घरी ठेवणार नाही."

बजरंगला हे सांगायची गरज नव्हती. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक सुभेदारसाहेब होते, खुर्ची अशी पळवायचे की नर्स बाजूला व्हायच्या. बुडाला रुपयाएवढी जखम झाली. महिनोन् महिने पालथे पडून राहिले आणि मग एक दिवस ती खाट रिकामी झाली.

आणि मोहिनी, त्याची बायको? तिचं म्हणणं असं, की लग्न झालं तेव्हा नवरा सुटीवर होता, नंतर मोबाईलवर होता, आता कुठे घरात आलाय. तिने दोन्ही वेळ तपासणी नेमाने सुरू केली. भरदिवसा दार लावायची. गल्लीने त्या बंद दाराचा जो अर्थ लावायचा तो लावला, आणि दगडाबाईने, म्हणजे सासूने, तो दुरुस्तही केला नाही. लेकाची अब्रू वाढत असेल तर वाढू द्यावी.

खरी पंचाईत अंग उचलण्याची झाली. बजरंग ओट्यावर बसायचा आणि शिकवल्याप्रमाणे थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हात टेकून शरीर वर उचलायचा. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा समोरची चंद्रभागाबाई किंचाळली, "उठला! फौजी उठला!" चार माणसं धावली, बगलेत हात घातले, दगडाबाईने कपिलधारच्या देवाला नारळ बोलून टाकला. समजावून सांगितलं तरी रोज कुणीतरी नवं धावायचंच. शेवटी बजरंगला लाज वाटायला लागली. लोक समोर असले की तो उचलेनासा झाला. आणि गावात लोक कधी समोर नसतात?

त्यातच मोहिनीला भावाच्या लग्नासाठी केजला माहेरी जावं लागलं. जाताना बजावून गेली, "आत्याबाईंना बघू द्या. लाजू नका."

"बघू देतो," बजरंग म्हणाला. पण मिशा आलेला फौजी आईपुढे कसा काय पालथा पडणार? त्याने आरशात वरवर बघितल्यासारखं केलं आणि फोनवर "सगळं ठीक हाय" असं सांगितलं.

त्याच दिवसांत सिदूआबा मेंढरं घेऊन रानातून परत आले. लेकाच्या खुर्चीतली गादी त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितली. काळ्या रबराचे हवा भरलेले फुगवटे, अंड्यांच्या ट्रेसारखे.

"ह्याच्यावर बसतोस?" आबांचा चेहरा पडला. "माझ्या घरात काय घोंगड्यांचा दुष्काळ पडला का?"

आणि त्यांनी आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, देवापुढे अंथरायला राखलेली काळी घोंगडी आणली. चार घड्या घातल्या आणि गादीवर अंथरली. धनगराघरी घोंगडीवर बसवणं म्हणजे काय मान, ते बजरंगला सांगायला नको. घोंगडी टोचते, हेही त्याला लहानपणापासून ठाऊक. पण आता त्याला टोचणार नव्हती, आणि आबा इतके खूश होते की लगेच तंबाखू मळायला बसले. बजरंगने तोंड उघडलं, मिटलं, आणि बसला.

मोहिनी केजहून आली, तिने पिशवी खाली ठेवली, दार लावलं आणि तपासलं. ती पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकून बघत राहिली.

"काय गं?"

"लाल झालंय. तळहाताएवढं."

बजरंगने उशीत तोंड खुपसलं. "कातडी फुटली का?"

"न्हाई अजून. मधोमध घट्ट लागतंय." मग तिचा आवाज चढला. "ती घोंगडी कुणी टाकली? आन् तुमी बसलात कावून? तोंड हाय का न्हाई तुमाला?"

"आबांना कसं सांगू?"

"मंग पुण्याला जाऊन सांगा, पालथं पडून!"

त्या दिवसापासून बजरंग अंगणातल्या बाजेवर पालथा. ऋतुजाताई येत्या आठवड्यात यायच्या होत्या. आबा मेंढरं घेऊन वस्तीवर गेले होते, त्यांना कुणी काही कळवलं नाही. गावात मात्र फौजी पालथा पडल्याची खबर मशेरीच्या दुकानापर्यंत पोचली. कुणी म्हणालं बायकोशी भांडण झालं, कुणी म्हणालं योगासनं करतोय. राधाकिशन बाजेखाली डोकं घालून बोलला, कारण बजरंगचं तोंड तिकडेच होतं.

"ऐक बे. मॅडम येतील त्या दिवशी पॅन्ट घालून खुर्चीत बस. बाईमाणूस काय पॅन्ट काढायला लावतंय व्हय? गोड बोल, चहा पाज, पाठवून दे."

खरं सांगायचं तर बजरंगला ते पटायला लागलं होतं. एक चहा, एक पॅन्ट, आणि घर आपलं. मग त्याला सुभेदारसाहेबांची रिकामी खाट आठवली. त्यांनीही असंच दडवलं होतं, पोरीचं लग्न होईपर्यंत.

"न्हाई," तो म्हणाला. "आधी आबांना सांगायचं. त्यांना न्हाई कळलं तर ती घोंगडी परत येणार."

आबा आले. लेक पालथा बघून घाबरले, बाजेजवळ उकिडवे बसले. बजरंगने शिरा, मणके, दाब, सगळं केंद्रात शिकवल्यासारखं सांगून बघितलं. आबा मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पर तुला तर दुखलं न्हाई?"

बजरंगने कपाळ बाजेच्या नवारीवर टेकवलं. मग म्हणाला, "आबा, मेंढीला लोकरीखाली किडे पडले तर ती सांगती का?"

"न्हाई. चरत ऱ्हाती."

"मंग तुमाला कसं कळतं?"

"लोकर इसकटून बघावं लागतं. रोज. एक दिस चुकला की गेलीच म्हणायची..." आबा बोलता बोलता थांबले. हात लेकाच्या पाठीकडे गेला आणि अधांतरीच राहिला.

"माझ्या घोंगडीनं?"

"घोंगडीनं बी, अन् मी बोललो न्हाई त्यानं बी."

आबा उठले, आत गेले, घोंगडी काढून देवळीत ठेवली. परत आले ते थेट म्हणाले, "दाव."

"आबा! मोहिनी बघती रोज."

"सून बघती मग बाप का न्हाई? लहानपणी कोण धूत होतं?"

गल्लीसमोर जे काय झालं त्याचं वर्णन फौजीच्या मानापायी टाळलेलं बरं. एवढंच, की मोहिनीने घाईघाईने लुगडं आडवं धरलं आणि चंद्रभागाबाईला त्या दिवशी धुणं वाळत घालायला फार वेळ लागला.

ऋतुजाताई जीपमधून उतरल्या तेव्हा बजरंग पालथाच होता. राधाकिशनने शेवटपर्यंत पॅन्ट हातात धरून ठेवली होती. ताई खाली वाकायच्या आतच आबा पुढे झाले.

"मॅडम, लाल झालतं. माझ्यामुळं. मी घोंगडी घातली. पोराला नेऊ नका, मला काय म्हणायचं ते म्हणा."

"आबा, मला बोलू द्या," खालून बजरंगचा आवाज आला. "मॅडम, मी पण अंग उचलत नव्हतो. लाज वाटायची. मोहिनीला फोनवर खोटं सांगितलं. बघून घ्या."

ऋतुजाताईंनी बाज आत घ्यायला लावली आणि दार लावून घेतलं. बाहेर आबा काठीवर हनुवटी टेकून, दगडाबाई उंबऱ्यात, राधाकिशन पॅन्टसकट. आत त्यांनी त्या लाल जागेवर बोट दाबलं. बोट उचललं तेव्हा ती पांढरी पडली, मग हळूहळू रंग परत आला. पुन्हा दाबलं. मोहिनी शेजारी वाकून बघत होती.

"लाली उतरते आहे," ताई म्हणाल्या. "कडकपणा गेलाय. कातडी फुटलेली नाही. वेळेत पालथं पडलात म्हणून. खुर्चीत अजून बसायचं नाही, मी सांगेपर्यंत."

"म्हणजे न्यायचं न्हाई?" मोहिनीने विचारलं.

ताईंनी पांघरूण सरळ केलं. "झाकून ठेवलं असतं तर आजच गाडीत घातलं असतं. जखम कुणालाही होऊ शकते. मला बघायचं असतं ते घरातली माणसं ती सांगतात की लपवतात." मग त्या बजरंगच्या तोंडासमोर खाली बसल्या. "आता तुम्ही सांगा. तुमच्या खाटेसाठी एक जण थांबलाय. नवीन आहे, अजून खुर्चीत बसायला घाबरतो. तुमचं नाव काढू का?"

ती खाट म्हणजे नुसतं लोखंड नव्हतं. तिथे ना त्याला कुणी गणपती केलं होतं, ना कुणी त्याच्या अंग उचलण्यावर नारळ बोलला होता. तिथे चुकलं तर शिवी मिळायची आणि जमलं तर कुणी बघायचंही नाही. इथे उद्यापासून पुन्हा चंद्रभागाबाई, पुन्हा राधाकिशन. रोज समजावणं, रोज भांडण. बाहेर आबा कुणाला तरी दरडावत होते, "आत जाऊ नको बे, लेकराची तपासणी चालू हाय!" बत्तीस वर्षांचं लेकरू.

मोहिनी नुसती बाजेच्या पायाशी टेकून उभी होती. दार लावलेलं होतं म्हणून तेवढ्यात तिने पदराने डोळे पुसून घेतले.

"काढा नाव," बजरंग म्हणाला. "आन् त्या नव्या गड्याला माझा नंबर द्या. म्हणावं, घाबरायचं असलं तर फोन करून घाबर."