चूलबंद आवतन

हे सांगायचं मी टाळत आलो. बायकोला माहीत होतं, पण तिच्याशीही कधी बोललो नाही. आता लिहितोय ते मन मोठं झालं म्हणून नाही. माझा चुलतभाऊ अजून जिवंत आहे आणि चष्मा लावून वाचतो. त्यानं हे वाचावं म्हणून लिहितोय.

जनगणनेत जात मोजायची चर्चा गावात आली तसं चुलतभावाला पुन्हा तरुणपण आलं. तो माजी सरपंच. आम्ही कुणबी. ओबीसींची मोजणी झालीच पाहिजे अशी पाटी त्यानं दारावर लावली आणि ग्रामपंचायतीसमोर सभा घेतली. शाळेतले गुरुजी म्हणाले, "जात मोजून जात जाईल का भाऊ? उलट पक्की होईल."

चुलतभाऊ उभा राहिला. "गुरुजी, या जंगलातले वाघ मोजतेत. आमाले कोणी मोजलंच नाई. मोजत नाई त्याले वाढत बी नाई."

लोक हसले, टाळ्या पडल्या. मुद्दा खरा होता. म्हणूनच तो त्याच्या तोंडून मला ऐकवेना.

कारण माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात मोजणारा तोच होता.

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन प्रकारचं असतं. एक घरटी एक माणूस, आणि दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, लेकराबाळांसकट सगळं घर लग्नाच्या मांडवात जेवतं. कोणाला कोणतं द्यायचं हे जातीवरून सगळ्यांना पाठ. त्यासाठी सरकारचा माणूस दारात यावा लागत नव्हता.

माझा एक मैतर होता, बौद्ध वस्तीतला. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागून होत्या, रोवण्याच्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या चिखलात राबायचो. बौद्ध झाल्यावर त्याच्या बापानं घरात बजावून ठेवलं होतं की आता गावाच्या लग्नात कोणाचं काम करायचं नाही. तरी तो आला. मांडवाच्या बल्ल्या त्यानं आणल्या, वर जांभळाच्या डहाळ्या टाकल्या. त्याच्या आईनं पळसाच्या पत्रावळी टाचून दिल्या. "याचा बाप असता तं रागावला असता," ती म्हणाली, "पण तुही पोरगी माह्या मांडीवर खेळली." मी त्याच्या दारात गेलो आणि चूलबंद सांगून आलो. कोणाला विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी तो सगळं घर घेऊन आला. धुतलेले कपडे, मुलांच्या केसांना तेल. पंगतीच्या टोकाला बसले. वाढपाचा कारभार चुलतभावाकडे होता. तो बोटानं पत्रावळी मोजत मोजत आला आणि त्यांच्याजवळ थांबला.

"यायले चूलबंद कोणं सांगतलं?"

व्याही समोरच बसले होते. मैतरानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबला होता.

"मी नाई," मी म्हणालो.

"मंग चाला," चुलतभाऊ म्हणाला, "गोठ्याकडं बसा. उरलं का बलावतो."

सगळ्यांत आधी त्याची म्हातारी आई उठली. समोरची पत्रावळ तिनं उचलली आणि घरी नेली. भर दुपारी वस्तीतल्या त्यांच्या घरावर धूर दिसला. पुढं मैतराच्या मुलाला वीज केंद्रात नोकरी लागली, सगळे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. जमीन दुसऱ्याला बटईनं दिली. मला विचारलंही नाही.

तर त्या सभेत मी उभा राहिलो. "भाऊ, मोजत नाई त्याले वाढत नाई, हे तुले आज समजलं? माह्या पोरीच्या लग्नात तू बोट दाखवून एक घर उठवलं. मांडव त्यायचा, पत्रावळी त्यायच्या."

त्याचा चेहरा उतरलेला मी डोळे भरून पाहिला. पण तो जुना खेळाडू.

"कोणत्या जमान्याचं काढून राह्यला बे? आवतन तूनं देल्लं अन नाई बी तूनंच म्हटलं. मी तं नुसतं इचारलं."

म्हणजे त्याला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून त्यानं व्याह्यांसमोर मला विचारलं होतं.

"हो, मीच देल्लं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. पण उठवलं तूनं."

सभा तिथंच मोडली. मला आनंद झाला, आजही होतो. त्याची मागणी बरोबर आहे, मोजणी व्हावी. पण तिचं पुढारपण त्याला मिळू नये, एवढी व्यवस्था मी केली. मुलीलाही सांगून ठेवलंय: माझ्या तेरवीचं आवतन त्याच्या घरी द्यायचं, एका माणसाचं. बोट दाखवणाऱ्यानं एकदा एकट्यानं यावं.

त्याच तोऱ्यात मी ऊर्जानगरची बस धरली. दार मैतराच्या बायकोनं उघडलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली मैतराचा फोटो, त्याला हार.

"कवा?"

"मागच्या हिवाळ्यात."

"मले सांगतलं नाई."

"गावात कोणालेच आवतन देल्लं नाई. त्यायनंच सांगून ठेवलं होतं."

मग म्हणाली, "जेवून जा भाऊ." सुनेनं ताट वाढलं. मी जेवलो. ती समोर बसून होती.

"सभेत बोलले म्हणे तुमी."

"हो."

ती थांबली. तिचा नवरा पंगतीत थांबला होता, तशीच. गावासमोर चुलतभावाला पाडायला जे शब्द सहज आले होते, ते घासाबरोबर खाली गेले. "वांग्याची भाजी चांगली झाली," मी म्हणालो, हात धुतले आणि निघालो.

सांगायचं होतं ते एवढंच: वैनी, आवतन मीच देल्लं होतं. तुमी आल्या ते बरोबरच होतं. मले माफ करा.