उलटा खांब

हिमाचलातलं चार-पाचशे वर्षांचं एक लाकडी घर आमच्या मालकाने विकत घेतलं. ते सुटं करून गुरुग्रामच्या फार्महाऊसवर पुन्हा उभं करायचं काम माझ्याकडे आलं. खांब-तुळयांबरोबर तिथला एक म्हातारा सुतारही आला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मिस्त्रीजी म्हणत. लाकूड उचलण्याआधी तो त्यावरून हात फिरवायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. अख्ख्या घरात खिळा नव्हता. खाचेत खाच बसवून तो सगळं उभं करत होता.

छत चढवून झाल्यावर तो कोपऱ्यातल्या खांबाशी थबकला. तेवढा एक खांब तो नसताना आम्हीच घाईने बसवला होता.

"साहब, यह उल्टा है. जड़वाला सिरा ऊपर हो गया."

झाड जसं वाढलं तसाच खांब उभा करायचा, ही त्यांची रीत. पण गृहप्रवेश दोन दिवसांवर आलेला. मी वैतागलो, "रहने दो यार, किसे पता चलेगा?"

त्याने खांबावर तळवा ठेवला. "इसे."

मग हत्यारं गुंडाळून तो निघून गेला.

गृहप्रवेशाला पाहुणे त्या खांबाला टेकून फोटो काढत होते. मालकाने मलाही बोलावलं. मी जवळ जाऊन उभा राहिलो, पण टेकवेना.