ट्रॅक्टरच्या नारळाने फुटलं माझं स्पॅनिश

मंडळी, तीन महिने ऑनलाइन स्पॅनिश क्लासमध्ये तोंड शिवून बसलेली मी आज बोलले!

आजचा शब्द होता 'एस्त्रेनार', म्हणजे नवी वस्तू पहिल्यांदा वापरणं. मॅडम प्रत्येकाला वाक्य विचारत होत्या. नवा ड्रेस, नवे बूट सांगून झाले. माझी पाळी आली.

तेवढ्यात अंगणातून दादा, म्हणजे माझे वडील, ओरडले, "आदी नारळ फोडा, मंग चावी लावा!" आई नव्या ट्रॅक्टरला कुंकू लावत होती.

फोन घेऊन मी तशीच बाहेर पळाले. "ओय एस्त्रेनामोस एल त्राक्तोर!" आज आम्ही ट्रॅक्टर पहिल्यांदा चालवतोय!

मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मी दादांना शब्दाचा अर्थ सांगितला. दादा म्हणाले, "त्या स्पॅनिश लोकांच्यात बी नारळ फोडत्यात व्हय?"

"नाय दादा. त्यांच्याकडं नुसता शब्द हाय."

तुमच्याकडे शेवटचं काय 'एस्त्रेनार' झालं? आणि नारळ कोणी फोडला?