नांगर सोडलेले तिघं

चारचौघांपेक्षा वेगळं काही करायला घेतलं, की सोबत फारशी मिळत नाही. किस्से मात्र ढिगानं मिळतात! ते सांगायला समोर कोणी नसलं, की आणखीच साचतात.

मी शाळामास्तर. बायको गेली, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. निवृत्त झालो आणि शहरातलं, उस्मानपुऱ्यातलं घर सोडून कन्नडजवळच्या आमच्या रानात राहायला आलो. तिथून शेतीच्या एका शिबिराला गेलो. शिकवलं ते असं: जमीन नांगरायचीच नाही. दोन पिकांच्या मधे ताग पेरायचा, फुलावर आला की कापून तिथंच अंथरायचा आणि त्यातच पुढचं बी टोकायचं. माती आपोआप सुधारते.

शिबिराला हॉल भरला होता. घरी जाऊन खरोखर नांगर बंद केला तिघांनीच. मी, बिडकीनचे कडुबा नाना आणि फुलंब्रीकडचे रऊफभाई.

*

पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचा विठ्ठल बांधावर आला.

"गुरुजी, तब्येत बरी हाय ना? समद्यांची रानं नांगरून झाली. तुमच्यात अजून कपाशीची धसकटंच हायेत."

"मुद्दाम ठेवलीत. मुळं आतच कुजू दे."

विठ्ठल खिशातला फोन काढत परत गेला. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर जमिनीचा एजंट हजर!

"रान पडीक दिसतंय. विकायला काढायचं का?"

मी त्याला सावलीत बसवून सगळी पद्धत समजावून सांगितली. चांगला अर्धा तास. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी इतकं मन लावून ऐकत होतं. मला फार बरं वाटलं.

उठला, हेल्मेट घातलं आणि म्हणाला, "काय अडचण नाय गुरुजी. पोरीचा नंबर द्या, तिच्याशी बोलतो!"

*

महिन्यातून एकदा आम्ही तिघं उस्मानपुऱ्यातल्या एका हॉटेलात चहाला भेटायचो. तेवढा एक दिवस आपलं बोलणं समोरच्याला कळायचं. एकदा नाना रऊफभाईंना विचारत होते,

"सोडून किती वर्षं झाली आता आपल्याला?"

"दोन."

"तुम्ही पुन्यांदा हात नाय ना लावला?"

"उन्हाळ्यात लई वाटलं. सगळा गाव करतो ना! पण नाही लावला."

वेटर बराच वेळ शेजारचं टेबल पुसत होता. बिल ठेवताना हळूच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी माझ्या भावाला आणू का? त्याची काही केल्या सुटत नाही!"

*

ताग फुलावर आला की रान पिवळंधमक दिसतं. आणि नेमका तेव्हाच तो कापायचा असतो.

मी विळा चालवत होतो. बांधावरून पारूआजी चालल्या होत्या, त्या थांबल्या. "आरं, फुलावर आलेलं कापतोस? आन् गुरांना बी घालत नाय, तिथंच टाकतोस?"

मी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"राहू दे मास्तर. घरात बोलायला माणूस नसलं की असं व्हतं."

त्या गेल्यावर मी कापत राहिलो. मग लक्षात आलं, त्या आठवड्यात मी बोललो होतो ते फक्त त्यांच्याशीच.

*

तिसऱ्या वर्षी मातीत गांडुळं दिसायला लागली. कुदळीच्या एका घावात सात-आठ! मी धावत फोन आणला, मुलीला व्हिडिओ कॉल लावला, ढेकूळ फोडून दाखवलं. हे बघ, हे मोठं बघ, ही त्यांची बिळं बघ.

ती बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आता कॅमेरा तुमच्याकडे करा ना."

*

रऊफभाईंच्या सलीमचा ट्रॅक्टर होता. अख्ख्या गावाची रानं नांगरायचा, बापाचं सोडून! यावरून बापलेकांचं बोलणं बंद. एकदा चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याला डिवचलं, "सलीम, बापाचं रान कोण नांगरतं रे?"

"गांडुळं!" सलीम म्हणाला आणि कप ठेवून निघून गेला.

हे सांगताना रऊफभाई इतके हसले, की डोळे पुसावे लागले. "पहली बार मेरी तरफ से बोला, गुरुजी!"

पुढं त्यांचे गुडघे गेले. रान सलीमकडं आलं. त्यानंतर आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"हो गया, गुरुजी. सकाळी ट्रॅक्टर घातला त्यानं. सात साल का काम था. दुपारपर्यंत उलटून टाकलं."

*

नानांचं रान कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं. त्यानंतर ते चहाला आले नाहीत, फोनही घेईनात. एका सकाळी त्यांचाच फोन आला. "गुरुजी, शहरात हायेत का? स्टँडवर या. तुमच्याकडंच यायचंय."

मी शहरातच होतो, गेलो. नाना कन्नडच्या गाडीत आधीच बसले होते. खिडकीशी सिमेंटचं एक भरलेलं पोतं, सुतळीनं तोंड बांधलेलं. त्याला हातानं धरून शेजारी नाना. मी पलीकडच्या सीटवर बसलो.

गाडी निघाल्यावर कंडक्टर आला.

"काका, पोतं खाली ठिवा. काय हाय त्याच्यात?"

"माती."

"माती? कन्नडला माती नाय का?"

"माझ्या रानातली हाय. गांडुळं हायेत त्यात. उद्या तिथं जेसीबी लागणार. ह्या गुरुजींच्या रानात सोडतो."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "तरी लगेजचं तिकीट घ्यावं लागंल, काका."

"लगेज कशाला?" नाना म्हणाले. "सीटवर बसून चाललंय ते. माझं म्हाताऱ्याचं अर्धं द्या. त्याचं फुल फाडा."

कंडक्टरनं त्यांना दोन तिकिटं काढून दिली. नानांनी एक खिशात ठेवलं आणि दुसरं पोत्याच्या सुतळीत खोचलं.