बॅनर पुढे कोण धरणार

स्पष्टच लिहिते. त्या दिवशी मला वाळवंटाचे रंग बघायचे नव्हते. मला माझ्या मैत्रिणीचा होकार हवा होता.

महामारीचं दुसरं वर्ष नुकतं लागलं होतं. सिडनीची दारं उघडली होती, देशाची बंदच. तिथल्या हॅरिस पार्क या उपनगरात आम्हा तात्पुरत्या व्हिसावाल्यांचा एक गट होता आणि मागणी एकच: घरी जाऊन परत येऊ द्या. आमच्यातलं कुणी आजारी आईला बघायला भारतात गेलं, की त्याला परत आत घेत नव्हते. टॅक्स घ्यायला आम्ही चालतो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये कोंबलेले चालतो, फक्त माणूस म्हणून चालत नाही.

पत्रकं मी लिहायचे. नियमही माझाच: ज्याचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, होईल त्याने बॅनर धरून सगळ्यात पुढे उभं राहायचं. पोलिसांनी नाव लिहून घेतलं तर आमचा व्हिसा जाईल ही भीती, त्याला ती नाही. हे लिहिताना डोळ्यांसमोर पुढे उभी मीच होते. पीआर मात्र माझ्या मैत्रिणीचा झाला.

आम्ही दोघी एकाच वर्गात शिकलो, एकाच गादीवर झोपलो. वेस्टमीडच्या लॅबमधलं तिचं काम पीआर देण्याच्या सरकारी यादीत होतं, माझं नव्हतं. एवढाच फरक. ती नवऱ्याबरोबर कॅसल हिलला राहायला गेली, त्यांनी जुनं मोटरहोम घेतलं आणि सुट्टीत ती मला म्हणाली, चल, राज्याच्या पश्चिम टोकाला रंगीत वाळवंटाचं पार्क आहे, एका दिवसात बघून होतं. आम्ही जवळच्या गावात मुक्काम केला आणि सकाळी निघालो.

नवरा गाडी चालवत होता. मी मागे फ्रिजशेजारी बसून जळत होते. त्या गाडीतलं बाथरूम आमच्या फ्लॅटच्या बाथरूमपेक्षा स्वच्छ होतं. कपसुद्धा आपापल्या खाचेत बसलेले. या देशात कपालासुद्धा पक्की जागा आहे, मला नाही, असं पत्रकातलं वाक्य मनात तयार झालं. साताऱ्याला आईचं ऑपरेशन मी फोनवर सोसलं होतं. हिच्या आईला काही झालं तर ही परवानगी काढून जाईल, आणि परतही येईल.

पार्कमध्ये मातीचे थर दिसले: तांबडा, मग पांढरा, मग राखेसारखा. नवरा फोटो काढायला लांब गेला. तिने टेबलावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. शनिवारच्या निदर्शनात पुढे उभं राहायला ती टाळाटाळ करणार, हे मी धरूनच चालले होते. तिला गप्प करायला भाषण पाठ करून आले होते.

तीच म्हणाली, "शनिवारी बॅनर मी धरायचा ना? तुझा नियम आहे."

ती आपणहून हो म्हणाली, तसं माझंच मन फिरलं. "नको. दुसरं कुणीतरी ठरलंय."

"कोण? आपल्यात पीआर दुसऱ्या कुणाचा झालाय?"

मी दशमीचे तुकडे करत राहिले. तिने थर्मास बंद केला. मग मी खरं ते सांगितलं.

"तू पुढे उभी राहिलीस की सगळे तुझे आभार मानणार. तुला सगळं मिळालं, वर हेही. मला ते बघवणार नाही."

मला वाटलं, रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "मग बाई, तू उभी राहा. नाव लिहून घेतलं तर विमानतळावर सोडायला मी येते. गाडी आहेच." टोमणा बरोबर बसला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जळ तू माझ्यावर. पण त्यासाठी व्हिसा घालवू नकोस."

परतताना डांबरी रस्ता लागला तसं नेटवर्क आलं. मी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, शनिवारी पुढे ही असेल. दोन मिनिटांत सगळ्यांचे थँक्यू सुरू झाले, सगळे तिलाच. मी एकेक वाचला. ती माझ्यासमोर बसून उत्तरं देत होती, आणि मी बारीक मिरची चावल्यासारखं तोंड करून पुढचा थँक्यू उघडत होते.